आखाजी, तोरणमाळ आणि अर्न्स्ट माख

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे ये, असं वसतिगृहातला मित्र फार वर्षं म्हणत होता. त्याचं गाव अमळनेरजवळ. पेपर तपासून झाले, सुट्टी लागली आणि यंदा जमलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि गेलं वर्षभर डोक्यात अर्न्स्ट माख हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ, हा एकच माणूस होता. लढाऊ विमानांच्या बातम्यांत ‘मॅक 2’, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट, असा वेग सांगतात, त्यातलं नाव याचंच. पण वेगाचं ते माप त्याच्या नावावर चढलं 1929 साली, आकेरेट या स्विस अभियंत्यामुळे. माखला जाऊन तेव्हा 13 वर्षं झाली होती. त्याच्या आयुष्याचं काम त्याहून कितीतरी मोठं आहे. जगाबद्दल आपण जे जे म्हणतो ते डोळा, कान, त्वचा आणि तोल यांच्यातूनच आलेलं असतं, मग भौतिकशास्त्र एकीकडे आणि संवेदनांचा अभ्यास दुसरीकडे अशी भिंत कशाला, असं त्याने जन्मभर विचारलं. खानदेशात हिंडताना हा प्रश्न मला अंगाने तपासता आला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आखाजीच्या दोन दिवस आधी : चाळीसगाव

गाडी मुद्दाम दिवसाची घेतली, खिडकीही मिळाली. घाटात गाडी वळण घेते तेव्हा बाहेरचे खांब, झाडं, एखादं घर कलल्यासारखं दिसतं आणि आपला डबा मात्र सरळ वाटतो. हे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. माखनेही रेल्वेच्या वळणावर हेच पाहिलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. वळणावर गुरुत्व खाली ओढत असतं आणि गती बाहेर ढकलत असते. शरीराला या दोन्हींची बेरीज जाणवते, ती बेरीज ज्या दिशेला तीच शरीराच्या लेखी ‘खाली’, आणि मग डोळा खांबांना तिरकं ठरवतो. उभं काय आणि आडवं काय, हे डोळा एकटा ठरवत नाही. या निरीक्षणातून पुढे तोलाच्या संवेदनेवरचे प्रयोग निघाले. त्यांच्याबद्दल झोक्यापाशी लिहितो.

मनमाड, नांदगाव करत चाळीसगावला उतरलो तेव्हा पारा 42 वर होता. मित्र यायला वेळ होता, म्हणून पाणपोईशेजारी सावलीत बसलो. तेवढ्यात न थांबणारी एक एक्सप्रेस भोंगा वाजवत गेली. समोर येताना चढा असलेला सूर इंजिन पुढे सरकताच खाली घसरला. डॉप्लरने 1842 साली प्रागमध्ये याचं गणित मांडलं होतं, पण व्हिएन्नातला गणिती पेट्झवाल हे मानायला तयार नव्हता. वाद वर्षानुवर्षं चालला. 1860 साली बावीस वर्षांच्या माखने सहा फुटी नळीच्या टोकाला शिट्टी बसवली आणि नळी चक्रासारखी फिरवली. चक्राच्या पातळीत उभं राहिलं की शिट्टी जवळ येते, लांब जाते, सूर वरखाली होतो. फिरण्याच्या आसावर उभं राहिलं की अंतर तेवढंच राहतं आणि सूर हलत नाही. कागदावरचा वाद त्याने असा कानासमोर आणून ठेवला. मला माखचं हेच सर्वांत जास्त आवडतं.

त्याचे हात तसे तयारच होते. जन्म 1838 चा, मोराव्हियातल्या ब्रनोजवळचा. बालपण शेतावर गेलं, बहुतेक शिक्षण वडिलांनीच घरी दिलं. 1848 ची क्रांती फसल्यावर देशात राम उरला नाही असं वाटून मुलाने अमेरिकेला जायचं ठरवलं होतं, आणि तिथे पोटापाण्याला उपयोगी पडावं म्हणून तो दोन वर्षं सुतारकाम शिकला. अमेरिका राहिली, पण रंधा-पटाशीचं वळण प्रयोगशाळेत कामाला आलं.

रात्री स्टेशनजवळ शेवभाजी खाल्ली. काळ्या मसाल्याची, वर लाल तर्री, आणि शेव जाड व तिखट. शेव आधी घातलेली भाजी घेऊ नका. ताटात आल्यावर आपल्या हाताने घाला, नाहीतर लगदा होतो. सोबत कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नका.

आखाजीचा आदला दिवस : पाटणादेवी आणि एक विहीर

पहाटे निघालो. उन्हाळ्यात पाटणादेवीला सकाळी आठच्या आत पोचावं. नंतर दगड तापतात. गौताळा अभयारण्याचा भाग असल्यामुळे फाटकावर नोंद करावी लागते. प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका. डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचं देऊळ, अलीकडे उंच चौथऱ्यावरचं जुनं महादेवाचं देऊळ. धबधब्याच्या जागी या दिवसांत नुसता काळा कातळ असतो, पण पळस आणि अंजनाच्या रानातून सकाळचा वारा येतो तो सुखाचा.

मी इथे आलो होतो भास्कराचार्यांसाठी. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला आणि त्याचा शिलालेख कोरवला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा लेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी एक चक्र वर्णिलं आहे: पोकळ आरे, त्यांत अर्धा पारा, आणि चक्र आपलंआप फिरत राहतं. आज आपल्याला माहीत आहे की असं चक्र थांबतंच. पण ते का थांबावं? 1872 च्या छोट्या पुस्तकात माख नेमकं इथे बोट ठेवतो. फुकटात अखंड काम मिळत नाही, हे माणसाला ऊर्जेचे सिद्धांत लिहिले जाण्याच्या कितीतरी आधीपासून अनुभवाने ठाऊक होतं, आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचं मूळ या जुन्या अनुभवात आहे, असं त्याचं म्हणणं. गाडीवान, गवंडी, पाणी शेंदणारा यांनी आधी हाताने ओळखलं, शास्त्राने ते नंतर नेमक्या शब्दांत मांडलं. महादेवाच्या देवळाच्या चौथऱ्यावर बसून हे मित्राला सांगत होतो. तो म्हणाला, “आमच्या मोटेवरच्या माणसाला विचारलं असतंस तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं.”

परतताना त्याच्या ओळखीच्या एका शेतकरी बाबांकडे थांबलो. लाईट गेलेली, मोटर बंद, म्हणून बाबा विहिरीवरून बादलीने पाणी काढत होते. मी परवानगी मागून भरली बादली कडुनिंबाच्या फांदीला दोराने टांगली, दोराला भरपूर पीळ दिला आणि सोडली.

“काय दखी राहिनात, सर?” बाबांनी विचारलं.

“पाणी बघा, बाबा.”

पहिले काही फेरे बादली गरगरत होती आणि पाणी सपाट होतं, वर पडलेलं निंबाचं पान जागच्या जागी. मग पाण्याने हळूहळू वेग धरला, पान गोल फिरू लागलं, मधे खळगा पडला आणि पाणी कडेने वर चढलं. मी बादली हाताने धरून थांबवली. बादली थांबली तरी पाणी फिरतच राहिलं आणि खळगा तसाच राहिला. बाबा वाकून पाहत होते. “बादली थांबनी, पाणी थांबनं नही,” ते म्हणाले.

न्यूटनने 1687 साली याच बादलीवरून मोठा निष्कर्ष काढला होता. बादलीच्या तुलनेत पाणी सर्वांत जास्त फिरतं ते सुरुवातीला, पण तेव्हा ते सपाट असतं. दोघं बरोबरीने फिरू लागतात तेव्हा खळगा पडतो. म्हणजे खळगा बादलीमुळे पडत नाही. मग पाणी कशाच्या तुलनेत फिरतंय? न्यूटन म्हणाला, निरपेक्ष अवकाशाच्या. पुढची दोनशे वर्षं बहुतेकांनी ते मानलं. 1883 च्या ‘यामिकी’वरच्या ग्रंथात माखने विचारलं: हे निरपेक्ष अवकाश कुणी पाहिलंय, चाचपलंय? दिसतात ते तारे. पाणी फिरतंय ते त्यांच्या तुलनेत. बादलीचा पत्रा पातळ म्हणून त्याचा परिणाम जाणवला नाही. बादलीच्या भिंती कोसच्या कोस जाड असत्या तर काय झालं असतं, हे सांगायचा अधिकार कुणालाच नाही. आइनस्टाइनने तरुणपणी हे वाचलं. सामान्य सापेक्षतेकडे जाताना ते त्याच्या पाठीशी होतं, आणि 1918 साली त्यानेच याला ‘माखचं तत्त्व’ म्हटलं. हे तत्त्व निसर्गात किती खरं उतरतं यावर आजही एकमत नाही. पण प्रश्न विचारण्याची ती धमक बघा.

निघताना बाबांनी गोठ्यातला आसूड दाखवला आणि मोकळ्या रानात एकदा वाजवला. फटाका उडावा तसा आवाज! आसुडाचं टोक क्षणभर ध्वनीपेक्षा वेगाने जातं म्हणून तो फटकारा उठतो. माखचं छायाचित्र याच जातीच्या गोष्टीचं आहे. फ्रान्स-प्रशियाच्या युद्धात जखमा खड्ड्यासारख्या दिसत, तेव्हा स्फोटक गोळ्या वापरल्याचा संशय होता. गोळीने पुढे दाबून नेलेल्या हवेनेच त्या जखमा होतात, असाही एक तर्क होता. गोळी आपल्यापुढे हवा खरंच दाबून नेते का, हे बघायचं माखच्या मनात होतं. 1886 साली फ्यूमे इथे पीटर साल्खर याने त्याच्या सूचनेबरहुकूम ठिणगीच्या उजेडात धावत्या गोळीचं छायाचित्र घेतलं, आणि गोळीपुढची हवेची लाट पहिल्यांदाच डोळ्याला दिसली. आणखी एक, खानदेशात शोभणारी गोष्ट: ध्वनीचा वेग तापमानाने वाढतो. शून्य अंशाला सेकंदाला 331 मीटर, आणि त्या दिवशीच्या 42 अंशांना जवळजवळ 356. त्यामुळे बाबांच्या शेतात ‘मॅक 1’ गाठायला थंड मुलखापेक्षा जास्त जोर लागणार.

आखाजी : झोका

हा दिवस मी जन्मात विसरणार नाही. सकाळी घागर भरून पितरांची पूजा, मग जेवण. मित्राच्या आईने, म्हणजे मायने, चुलीवर उलटं खापर ठेवून पुरणाची पोळी हातावर वाढवत नेली, ती कोपरापर्यंत पोचली तरी तिचा हात थांबेना. आमरस, सांजोऱ्या, कुरडया. “पोट भरीसन जेव रे भाऊ,” असं दर दोन घासांनी. खापरावरची पोळी पातळ आणि लुसलुशीत. ती आमरसात बुडवून खायची, आणि जेवल्यावर दोन तास कुठे जायचं ठरवू नये.

त्या दोन तासांत ओसरीवरच्या बाजेवर पडून मी उजवा डोळा मिटला. माखचं एक चित्र आहे, त्याने आपल्या डाव्या डोळ्याला दिसणारं जग काढलंय: वर भुवईची कमान, बाजूला नाक, खाली मिशी, मग लांबलेलं अंग, पाय, खोली, खिडकी. 1886 च्या ‘संवेदनांचं विश्लेषण’ या पुस्तकात ते आहे. मला माझं नाक, पोट, पायाचे अंगठे, त्यापलीकडे अंगणातली तुळस दिसत होती. कुठल्या रेषेवर ‘मी’ संपतो आणि अंगण सुरू होतं? माख म्हणतो, अशी रेष दिसण्यात कुठेच नसते. तुळशीचा हिरवा रंग उजेडाशी जोडून अभ्यासला की ते भौतिकशास्त्र, माझ्या डोळ्याच्या पडद्याशी जोडून अभ्यासला की मानसशास्त्र. वस्तू एकच, फक्त चौकशीची दिशा बदलते. त्याचं हे वाक्य मला त्याच्या सगळ्या कामाची किल्ली वाटतं.

ऊन कलल्यावर माहेरवाशिणी निंबाखाली जमल्या. सासरहून आखाजीला आलेल्या लेकी, त्यांच्या आया, गौराईची गाणी, आणि उंच फांदीला बांधलेला झोका. दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका इतका चढवत होत्या की पाय फांदीच्या पातळीला. मित्राची भाची आठवीत आहे, मला मामाच म्हणते. तिला म्हटलं, तू झोक्यावर बस, डोळे मीट, आम्ही दोराला पीळ देऊन सोडतो. थांबवलं की लगेच सांग कसं वाटतं. पीळ सुटला, ती गरगरली, आम्ही झोका घट्ट धरला.

“मामा, अजून फिरवता का? मी उलटी फिरी राहिनू!”

झोका तेव्हा पूर्ण थांबलेला होता. मैत्रिणींनी तिला डोळे उघडायला लावले तर निंबच फिरताना दिसायला लागला. मग प्रत्येकीला तेच करून बघायचं होतं, दोन नव्या नवऱ्यांनाही बसवलं गेलं.

माखने प्रागमध्ये यासाठी मोठी चौकट बनवली. तीत खुर्ची, खुर्चीवर माणूस, भोवती कागदाचं खोकं, म्हणजे बाहेरचं काही दिसू नये. खुर्ची एकसारख्या वेगाने फिरत राहिली की थोड्या वेळाने फिरणं जाणवेनासं होतं. थांबवली की उलट दिशेला फिरल्यासारखं वाटतं. निष्कर्ष असा की शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. कारण आतल्या कानात आहे. तिथे तीन दिशांना तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो, डोकं थांबलं की द्रव पुढे रेटत राहतो. बाबांच्या बादलीतलं पाणी पत्रा थांबल्यावर जे करत होतं तेच. व्हिएन्नात ब्रॉयर आणि एडिनबरोत क्रम ब्राऊन हे दोघं त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच उत्तराला पोचले. माखचं पुस्तक 1875 चं. जडत्वाचा विचार करणारा माणूस आणि चक्कर का येते हे शोधणारा माणूस एकच कसा, हे मला त्या निंबाखाली पुरतं समजलं.

(आखाजीला खानदेशात जायचं तर कुणाच्या तरी घरी जा. हा घरचा सण आहे. त्या दिवशी बाजार थंड असतो, एसटीला माहेरवाशिणींची गर्दी.)

दुसरा दिवस : अमळनेर

सकाळी बोरी नदी ओलांडून गावात. साने गुरुजी इथल्याच शाळेत शिक्षक होते. मला मात्र तत्त्वज्ञान मंदिर पाहायचं होतं. प्रताप शेठ यांनी 1916 साली ही संस्था काढली, मुख्यतः अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ इथे होते. 1916 हेच माखच्या मृत्यूचं वर्ष. 18 फेब्रुवारीला 78 पूर्ण झाली आणि दुसऱ्या दिवशी म्युनिकजवळ, मुलाच्या घरी, तो गेला.

मित्राचे जुने सर, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, मुद्दाम आले होते. त्यांच्याशी झालेलं बोलणं या सगळ्या प्रवासातलं मला सर्वांत मोलाचं. मी त्यांना माखच्या तरुणपणची गोष्ट सांगितली. पंधराव्या वर्षी वडिलांच्या पुस्तकांत त्याला जर्मन तत्त्वज्ञ कांट सापडला. दोनतीन वर्षांनी उन्हाळ्याच्या एका लख्ख दिवशी, मोकळ्यावर असताना, सगळं जग आणि त्यातला आपला ‘मी’ ही संवेदनांची एकच गुंफण असल्याचं त्याला एकाएकी जाणवलं. पुढे त्याने लिहिलं की हा ‘मी’ वाचवता येण्याजोगा नाही.

सर म्हणाले, “अहंकार खोटा, हे आम्हीही म्हणतो. पण आमच्याकडे मागे साक्षी, नुसता पाहणारा, उरतो. तुमचा माख साक्षीलाही जागा देत नाही. तो वेदान्तापेक्षा बुद्धाच्या जवळ आहे.”

“पण सर, साक्षी नसेल तर संवेदना कुणाला होतात?”

“हाच तर प्रश्न तो विचारू देत नाही. ‘कुणाला’ हा शब्द त्याला जास्तीचा वाटतो.”

मग मी त्यांना 1898 चा प्रसंग सांगितला. माख आगगाडीत होता, आणि अचानक त्याच्या लक्षात आलं की उजवा हात-पाय हलत नाहीत. बाकी काही बिघडल्याचं जाणवत नव्हतं. पुढे त्याने हेही निरीक्षण लिहून ठेवलं: हात हलवायची इच्छा होत होती, पण हलवण्याचा जोर जाणवत नव्हता. साठीतला माणूस, अर्धं अंग गेलेलं, आणि तो स्वतःच्या लकव्याकडे प्रयोगासारखा पाहतो. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे साक्षीचंच काम नव्हे का?” मला उत्तर देता आलं नाही, अजूनही देता येत नाही.

एका गोष्टीत मात्र माखची बाजू मला घेता येत नाही. अणू कुणी पाहिलाय, असं म्हणत तो व्हिएन्नात अणूंच्या बाजूने लढणाऱ्या बोल्ट्झमनच्या विरोधात उभा राहिला. पेराँच्या मोजमापांनंतर ओस्टवाल्डसारखे विरोधकही अणू मानू लागले, तेव्हा जे थेट जाणवत नाही ते शास्त्रात नको हा आग्रह त्याने ढिला करायला हवा होता. ज्या हट्टाने निरपेक्ष अवकाश पाडलं, त्याच हट्टाने अणूला दार लावलं.

तिसरा दिवस : तोरणमाळ

तापी ओलांडून शहादा, तिथून सातपुडा. पेट्रोल आणि रोख पैसे शहाद्यातच घ्या. सात पायरी घाटात गाडी सावकाश चढवा, पोटात ढवळणाऱ्यांनी पुढे बसावं. वर साधारण साडेअकराशे मीटर. खाली होरपळून आलेल्याला यशवंत तलावाचा वारा लागला की बरं वाटतं. एका पावरा कुटुंबाकडे ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि लसणाची लाल चटणी जेवलो. उडदाची डाळ इतकी चवदार असू शकते हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी खडकी पॉइंट. भाचीही हट्टाने आलेली. धुरकट उजेडात डोंगरांच्या रांगा एकामागे एक, प्रत्येक मागची थोडी फिकी. जिथे पुढची रांग संपून मागची सुरू होते, तिथे पुढच्या रांगेची कड जास्त गडद आणि मागच्या रांगेची लगतची पट्टी जास्त उजळ दिसते. या पट्ट्यांना माखचं नाव आहे. 1865 साली, ग्राट्समध्ये असताना, त्याने काळ्यापांढऱ्या फिरत्या तबकड्यांवर अशाच पट्ट्या पाहिल्या. प्रकाश मोजला तर तिथे पट्टी नसते, डोळ्याला दिसते. डोळ्याच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका शेजाऱ्याला थोडा दाबतो, म्हणून कडा ठळक होतात, असं त्याने गणितासह सांगितलं. पेशी तपासायची साधनं तेव्हा नव्हती. जवळजवळ नव्वद वर्षांनी हार्टलाइन आणि रॅटलिफ यांनी नालखेकड्याच्या डोळ्यात हा शेजाऱ्याचा दाब विजेच्या संकेतांतून प्रत्यक्ष मोजला. हार्टलाइनला 1967 चं नोबेल मिळालं.

भाची म्हणाली, “मामा, दरीत धूर साठलाय म्हणून खालचा भाग फिका दिसतो. डोळ्याचं काय त्यात?”

शंका अगदी रास्त होती. तपासायचं कसं, तेही सोपं आहे: एक काडी हात लांब करून अशी धरायची की दोन रांगांमधली कड बरोबर झाकली जाईल. कड झाकल्यावर उजळ पट्टी गेली तर ती डोळ्याची. राहिली तर बाहेर खरोखर धूर आहे. वाळलेल्या गवताची काडी घेऊन तिने एकेक रांग तपासली. जवळच्या दोन रांगांवर काडी धरताच पट्टी गेली. लांबच्या रांगांवर ती काडीच्या वरच्या अंगाला तशीच राहिली, वर गडद होत जाणारी. म्हणजे जवळ माख आणि लांब धूर. तिने ते वहीत रांगांचं चित्र काढून तसंच लिहून घेतलं. तुम्ही गेलात तर सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचा, काडी पातळ घ्या, आणि एक डोळा मिटून बघा.